झडपेचा जंतुसंसर्ग नक्की किती जणांना होतो? (आईची दाढ काढायची आहे)

सायली_के

नमस्कार मंडळी,

आईचं वय ६४. लहानपणी तिला र्‍हुमॅटिक ताप येऊन गेला होता, त्यात हृदयाची मायट्रल झडप हळूहळू खराब होत गेली. तीन वर्षांपूर्वी ती बदलून धातूची झडप बसवली. रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी चालू आहे, तब्येत चांगली आहे, रोज फिरायला जाते. आता खालची एक दाढ किडून हलायला लागली आहे आणि डेंटिस्टनी ती काढायला सांगितली आहे. ऑपरेशननंतर मिळालेल्या कार्डावर स्पष्ट लिहिलंय की दात काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यायचं, नाहीतर झडपेला जंतुसंसर्ग होऊ शकतो.

यावरून घरात वाद चालू आहे. भाऊ म्हणतो, "हा आजार वर्षाला लाखात दहा-बारा जणांना होतो. एवढ्यासाठी कशाला गोळ्या?" मला ते पटत नाही, पण त्याला उत्तरही देता येत नाही. लाखात दहा-बारा हा आकडा खरा आहे का? झालाच तर किती गंभीर असतो? आणि आधी एक डोस घेतल्याने तो खरंच टळतो का?

तसं आईच्या पोटात अँटिबायोटिक अधूनमधून जातंच. जरा कणकण वाटली की आमचे फॅमिली डॉक्टर लगेच पाच दिवसांचा कोर्स देतात, "झडप आहे, रिस्क नको" म्हणून. गेल्या महिन्यातही दिला होता. मग दातासाठी पुन्हा वेगळं घ्यायची गरज आहे का?

मंदार७७

माझ्या वडिलांचीही झडप बदललेली आहे, प्राण्याच्या पेशींपासून बनवलेली. त्यानंतर त्यांनी दोन दात काढले, दोन्ही वेळा काहीही न घेता. काही झालं नाही. फार घाबरू नका एवढंच सांगतो.

अनुजा_मायक्रो

सायलीताई, मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. हृदयरोगतज्ज्ञ नाही, त्यामुळे आईच्या औषधांचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण हा आजार रक्ताच्या ज्या बाटल्यांत सापडतो त्या रोज माझ्या हाताखालून जातात, म्हणून सविस्तर लिहिते. वैद्यकीय भाषेत याला इन्फेक्टिव्ह एंडोकार्डायटिस म्हणतात.

आधी भावाचा आकडा. तो चूक नाही. २०१९ सालचा जागतिक अंदाज दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे १४ नवे रुग्ण असा आहे आणि त्या वर्षी या आजाराने ६६ हजारांवर माणसं दगावली. पण त्या एका लाखात कोण कोण मोजलंय ते बघा. शाळकरी मुलं, धडधाकट तरुण, ज्यांच्या झडपांना कधी काही झालेलं नाही अशी बहुसंख्य माणसं. त्यांच्या वाट्याला हा आजार क्वचितच येतो. तो येतो मोजक्या लोकांच्या वाट्याला: कृत्रिम झडप असलेले, आधी एकदा हा आजार होऊन गेलेले, जन्मजात हृदयदोषाचे काही प्रकार असलेले, पेसमेकर किंवा डायलिसिसवर असलेले, शिरेतून नशा करणारे. कृत्रिम झडप असलेल्यांचा वेगळा हिशेब केला तर दर वर्षी शंभरात साधारण ०.३ ते १.२ जणांना हा संसर्ग होतो. लाखाच्या मापात बोलायचं तर ३०० ते १२००. वरच्या १४ च्या जागतिक आकड्याच्या वीसपटीपासून ऐंशीपटीच्याही वर. तुमच्या आईसाठी हाच आकडा लागू आहे आणि ही जोखीम एकदाची नाही, झडप आहे तोवर दर वर्षी असते.

मंदारदादा, तुमच्या वडिलांना काही झालं नाही याचा आनंद आहे. दात काढणाऱ्या बहुतेकांना काही होतच नाही, अगदी कृत्रिम झडप असली तरी. पण ज्यांना होतं त्यांच्यापैकी बरेच जण अनुभव लिहायला उरत नाहीत, हेही लक्षात घ्या. पुढच्या वेळी वडिलांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारूनच दात काढा, पेशींची झडपही याच गटात मोडते.

शिवाय नोंदलेले आकडे प्रत्यक्षापेक्षा कमीच असणार असं मला वाटतं. निदानासाठी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून पाहणं) हवं, चांगला इको (हृदयाची सोनोग्राफी) हवा, आणि मुळात कुणाच्या तरी डोक्यात ही शंका यायला हवी. झडपेवर साचलेल्या जंतूंच्या गाठीचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर कागदावर "पक्षाघात" लिहिलं जातं, झडप फाटली तर "हार्ट फेल्युअर". आत जंतू होते की नाही हे पुष्कळदा कुणी पाहिलेलंच नसतं. जिथे र्‍हुमॅटिक ताप अजून आहे तिथे हा आजार तरुणांना गाठतो. जिथे तो हटला तिथे रुग्णाचं वय साठीपुढे गेलं आहे, कारण म्हातारपणी कडक झालेल्या झडपा, बसवलेल्या झडपा, पेसमेकरच्या तारा, डायलिसिसच्या नळ्या. वैद्यकशास्त्र पुढे गेलं म्हणून हा आजार कमी झाला नाही, त्याचं गिऱ्हाईक बदललं.

आता गंभीर किती. अँटिबायोटिक येण्यापूर्वी हा आजार झालेला माणूस बहुधा जातच असे. विल्यम ऑस्लर या नामवंत डॉक्टरांनी १८८५ साली लंडनमध्ये यावर व्याख्यानं दिली तेव्हा डॉक्टरांच्या हातात निदान होतं, उपाय नव्हता. पेनिसिलिन १९४० च्या दशकात आलं आणि पहिल्यांदा रुग्ण बरे होऊन घरी जाऊ लागले. तरीही आज, सगळी औषधं आणि शस्त्रक्रिया हाताशी असताना, हॉस्पिटलमध्ये दाखल झालेल्यांपैकी साधारण पाचातला एक दगावतो. वर्षभराचा हिशेब धरला तर चारातला एक किंवा त्याहून जास्त. कृत्रिम झडपेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू बसला तर चित्र याहूनही वाईट असतं.

एवढी औषधं असून असं का? झडपेच्या पाकळ्यांना स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. पाकळी खरचटली किंवा धातू-कापडाचा काठ मिळाला की तिथे फायब्रिन आणि प्लेटलेट्सचा (रक्त गोठवणाऱ्या घटकांचा) थर साचतो, आणि रक्तातून जाणारा जंतू त्यात अडकतो. वर नवे थर चढत जाऊन गाठ बनते. एका ग्रॅमच्या गाठीत अब्जावधी जंतू असू शकतात, आणि आतले जंतू जवळजवळ झोपलेले असतात. वाढणाऱ्या जंतूला मारणारं औषध झोपलेल्यावर नीट चालत नाही. पांढऱ्या पेशींनाही आत शिरता येत नाही. म्हणून चार ते सहा आठवडे, शिरेतून, मोठे डोस. आणि जवळपास निम्म्या रुग्णांना शस्त्रक्रिया लागते, कारण पाकळी फाटते, झडपेच्या मुळाशी गळू होतं किंवा गाठ इतकी मोठी होते की तुटून मेंदूत जायची भीती असते. साधारण १० मिलिमीटरच्या पुढची गाठ दिसली की सगळ्यांचे चेहरे बदलतात.

दातासाठीच्या डोसबद्दल. काढलेल्या दाताच्या जागेवरून तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस जंतू काही मिनिटं रक्तात येतात हे नक्की. मात्र हिरड्या खराब असतील तर ब्रश करताना आणि चावतानाही येतात, रोज. म्हणून हृदयदोष असलेल्या बहुतेक सगळ्यांना डोस द्यायची जुनी पद्धत २००७ मध्ये अमेरिकेतल्या मार्गदर्शक सूचनांनी आखडती घेतली आणि फक्त सर्वाधिक धोक्याच्या लोकांपुरती ठेवली. इंग्लंडमध्ये २००८ साली नियमित डोस द्यायलाच नको असं ठरलं. त्यानंतर तिथे गोळ्यांचं प्रमाण खूप घटलं, आणि २०१५ मध्ये छापून आलेल्या पाहणीत दिसलं की एंडोकार्डायटिसचे रुग्ण आधीच्या कलापेक्षा जास्त वाढले होते, २०१३ च्या सुरुवातीपर्यंत महिन्याला ३५ जास्त. गोळ्या थांबल्यामुळेच ते वाढले असं त्यावरून सिद्ध होत नाही. पण धोका सर्वांत जास्त असलेल्या माणसाला एक डोस न देण्याचं धाडस मी माझ्या आईच्या बाबतीत करणार नाही. धातूची झडप असलेली व्यक्ती युरोप-अमेरिकेच्या आजच्या सूचनांनुसार डोस देण्याच्याच यादीत आहे. नेहमीचा डोस म्हणजे अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, दात काढण्याआधी ३० ते ६० मिनिटं, एकदाच. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा, दुसरी औषधं आहेत.

आता तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय ते. खरं सांगते, सबंध प्रश्नात मला त्याचीच सगळ्यात जास्त काळजी वाटली.

कणकण आली की लगेच पाच दिवसांचा कोर्स, हे तुमच्या आईसारख्या माणसाला सुरक्षित वाटतं, पण ते धोक्याचं आहे. झडपेवर जंतू बसलेच असतील तर पाच दिवसांच्या गोळ्या त्यांना मारत नाहीत. गाठीच्या वरवरचे मरतात, रक्तातले तेवढ्यापुरते नाहीसे होतात, ताप उतरतो, घरचे निश्चिंत होतात. आतले तसेच राहतात. आठवडा-दोन आठवड्यांनी ताप परत येतो, पुन्हा कोर्स, पुन्हा बरं वाटतं. या काळात झडप कुरतडली जात असते. आणि शेवटी कुणाला शंका येऊन ब्लड कल्चर पाठवलं जातं तेव्हा आमच्याकडे बाटलीत काही उगवत नाही. कल्चर निगेटिव्ह येण्याचं सगळ्यात मोठं कारण आधी दिलेलं अँटिबायोटिक हेच आहे. जंतू कोणता ते कळलं नाही की डॉक्टरांना अंदाजाने दोन-तीन जालीम औषधं एकत्र द्यावी लागतात, त्यातली काही मूत्रपिंडाला आणि कानाला बाधतात.

मागणीच्या फॉर्मवर "रुग्णाला अँटिबायोटिक चालू आहे" अशी ओळ वाचली की पुढे काय होणार ते मला दिसतं. बाटल्या यंत्रात पाच दिवस ठेवतो, कधी जास्त. एरवी अशा रुग्णाची बाटली पहिल्या दोन दिवसांत पॉझिटिव्ह येते. थेंब काचेवर घेऊन रंगवला की जांभळ्या मण्यांच्या माळा दिसतात, तो स्ट्रेप्टोकॉकस. झुबके दिसले तर स्टॅफिलोकॉकस. तिथल्या तिथे वॉर्डला फोन करते आणि त्या संध्याकाळीच औषध बदलतं. जंतूचं नाव कळण्याचा उपयोग कधी कधी झडपेपलीकडेही होतो. स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस निघाला तर रुग्णाच्या मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करतात, कारण त्याचा आतड्याच्या कॅन्सरशी संबंध आढळतो. निगेटिव्ह बाटली यातलं काहीच सांगत नाही.

म्हणून कृत्रिम झडप असलेल्या माणसाला ताप आला आणि त्याचं कारण उघड दिसत नसेल, तर आधी रक्त, मग अँटिबायोटिक. वेगवेगळ्या जागी सुई टोचून तीन वेळा, पहिल्या आणि शेवटच्या वेळेत किमान एक तासाचं अंतर, दर बाटलीत पुरेसं रक्त, मोठ्या माणसाला ८ ते १० मिलिलिटर. ताप चढायची वाट पाहायची गरज नाही. या आजारात जंतू झडपेवरून सतत रक्तात सुटत असतात, ताप उतरलेला असतानाही सापडतात. रुग्ण अत्यवस्थ असेल तर तीनही नमुने लगोलग घेऊन औषध सुरू करतात, तिथे तासभर थांबत नाहीत.

गेल्या महिन्याचा ताप परत आलाय का? रात्री घाम, भूक मंदावणं, वजन उतरणं, चालताना नव्याने दम लागणं, यातलं काही आहे का? असेल तर दाढ बाजूला ठेवा आणि आधी हृदयरोगतज्ज्ञांना गाठा.

अभिजित_प

अनुजाताईंनी जे लिहिलंय ते आमच्या घरात घडलंय, म्हणून लिहितो.

बायकोची झडप कृत्रिम नव्हती. महाधमनीच्या झडपेला जन्मतः तीनाऐवजी दोनच पाकळ्या आहेत हेही आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. संध्याकाळी बारीक ताप, अंग मोडून येणं, सांधे दुखणं. कोर्स झाला की आठ-दहा दिवस बरी, मग परत. सगळ्यांनी व्हायरल म्हटलं. दोन महिन्यांत ती इतकी वाळली की अंगठी बोटात राहीना. मग एका सकाळी तिला शब्द सुचेनात आणि उजवा हात उचलेना. एमआरआयमध्ये मेंदूत एक तुकडा अडकलेला दिसला. त्या हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी स्टेथोस्कोप लावला, नखांखालच्या तपकिरी रेघा पाहिल्या आणि त्याच रात्री घशातून नळी घालून इको करवून घेतला. छातीवरून केलेल्या इकोत काही दिसलं नव्हतं, या इकोत गाठ स्पष्ट दिसली.

सहा आठवडे शिरेतून औषध, मध्ये झडप बदलायची शस्त्रक्रिया. आज ती बोलते, स्वयंपाक करते, नोकरीवर परत गेली आहे. शब्द अजून मधूनच अडतात. मला कुणी तेव्हा सांगितलं असतं की परत परत येणाऱ्या तापात एक साधी रक्ततपासणी आधी करून घ्या, तर मी डॉक्टरांच्या दारात बसून ती करून घेतली असती.

नेहा_व

हे वाचून पोटात गोळा आला. मला मायट्रल झडपेचं प्रोलॅप्स (पाकळी मागे झुकणं) आहे, सौम्य. मीही डेंटिस्टकडे जाताना गोळ्या घ्यायच्या का?

अनुजा_मायक्रो

अभिजितदादा, लिहिलंत ते फार बरं केलंत. नखांखालच्या रेघा पाहणारे डॉक्टर अजून आहेत हे वाचून धीर वाटला. छातीवरच्या इकोत गाठ नाही दिसली म्हणून आजार नाही असं होत नाही, हे तुमच्या अनुभवातून सगळ्यांना कळू दे.

नेहाताई, नुसत्या प्रोलॅप्ससाठी दाताआधी डोस देत नाहीत. दोन पाकळ्यांच्या झडपेसाठीही नाही, जोवर एकदा हा आजार होऊन गेलेला नाही. साधारण माणसापेक्षा तुमचा धोका थोडा जास्त आहे, पण इतका नाही की गोळीचे दुष्परिणाम पत्करावेत. तुमच्यासाठी हिरड्या निरोगी ठेवणं आणि दातांची नियमित तपासणी हेच खरं संरक्षण आहे. आणि आठवड्याहून जास्त टिकणारा, कारण न सापडणारा ताप आला तर "मला प्रोलॅप्स आहे" हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

सायली_के

सगळ्यांचे आभार. अनुजाताई, तुमचं उत्तर भावाला वाचायला दिलं. ३०० ते १२०० वाचून तो गप्प झाला, मग स्वतःच हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेऊन आला.

काल जाऊन आलो. गेल्या महिन्याचा ताप परत आलेला नाही, वजन तेवढंच आहे, दम नाही. तरी त्यांनी सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), हिमोग्लोबिन आणि इको करून घेतला, सगळं ठीक आहे. दातासाठी अमॉक्सिसिलिनचा डोस घ्यायचाच असं सांगितलं. फॅमिली डॉक्टरांना त्यांनी चिठ्ठी दिली आहे की ताप आला तर ब्लड कल्चर घेतल्याशिवाय अँटिबायोटिक सुरू करू नये. डॉक्टर भले माणूस आहेत, त्यांनी वाचून लगेच आईच्या फाइलवर पहिल्या पानाला लावली.

दोन शंका उरल्या. महिनाभरापूर्वीच कोर्स झालाय, तर तेच औषध चालेल का? आणि देव करो नि वेळ न येवो, पण झालंच तर सहा आठवडे हॉस्पिटलमध्येच काढावे लागतात का?

अनुजा_मायक्रो

वा, भावालाही माझा नमस्कार सांगा.

महिन्यापूर्वीच्या कोर्सची अडचण नाही. कोर्स चालू असतानाच दात काढायचा असेल तर वेगळ्या गटातलं औषध निवडतात, किंवा शक्य असेल तर कोर्स संपल्यावर किमान दहा दिवस थांबतात. तुमचा तेवढा काळ उलटून गेलाय.

सहा आठवड्यांबद्दल: डेन्मार्कमध्ये हृदयाच्या डाव्या बाजूचा एंडोकार्डायटिस झालेल्या ४०० रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये जाहीर झाला. शिरेतून किमान दहा दिवस औषध झाल्यावर स्थिर असलेल्या निम्म्या रुग्णांना उरलेला कोर्स गोळ्यांनी दिला. त्यांचे निकाल शिरेतून औषध घेणाऱ्यांपेक्षा वाईट आले नाहीत. पण ते निवडक रुग्ण होते, जंतू कोणता ते माहीत होतं आणि नजर बारीक ठेवली होती. म्हणजे तिथेही सुरुवात कल्चरपासूनच.

एक राहिलं. वॉर्फरिन दाढेसाठी स्वतःहून बंद करू नका, मायट्रलच्या जागी धातूची झडप असताना ते फार धोक्याचं आहे. दाढ काढण्याच्या आदल्या दिवशी आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते सांगणारी तपासणी) बघून घ्या, आकडा डेंटिस्टना कळवा, आणि वेळ सकाळची मागा, म्हणजे रक्त जास्त वेळ येत राहिलं तर दिवसाउजेडी परत जाता येईल.